चॉकलेट-पीनट बटर स्मूदी घरच्या घरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही स्मूदी माझ्याकडे आठवड्यातून तीन-चारदा तरी होतेच. ज्याने प्यायली तो कृती विचारतो, आणि कृती सांगितली की पाठोपाठ प्रश्न सुरू होतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

एका माणसासाठी प्रमाण काय?

थंड दूध २०० मिली, गोठवलेलं एक लहान केळं (सोलून साधारण १०० ग्रॅम), पीनट बटर एक सपाट मोठा चमचा (१६ ग्रॅम), बिनसाखरेची कोको पावडर एक सपाट मोठा चमचा (५ ग्रॅम) आणि चिमटीभर मीठ. साखर नाही, मध नाही, आइस्क्रीम नाही. एवढ्यात एक मोठा ग्लास भरतो.

मीठ वगळू नका. मिठाने कोकोचा कडवटपणा दबतो, आणि कडवटपणा दबला की आहे तीच गोडी जास्त जाणवते. ज्यांना स्मूदी "थोडी गोड हवी होती" असं वाटतं, त्यांनी मध ओतण्याआधी एकदा मिठाची चिमूट टाकून चव घ्यावी.

"सपाट चमचा" असं एवढं ठासून का सांगता?

कारण या स्मूदीचा सगळा हिशोब त्या एका चमच्यावर फिरतो. पीनट बटर चिकट असतं, ते चमच्यावर डोंगरासारखं उभं राहतं. बरणीत चमचा घातला आणि सहज वर काढला, तसाच तो काट्यावर ठेवून पाहिला, तर पीनट बटर ३१ ग्रॅम भरलं. म्हणजे मी "एक चमचा" म्हणत होते आणि प्रत्यक्षात दोन पोटात जात होते. शिवाय थोडं चमच्याच्या पाठीला चिकटलेलं होतं, ते मी बोटाने पुसून खाल्लं, तेही धरायला हवं.

१६ ग्रॅम पीनट बटरमध्ये साधारण ९५ कॅलरी असतात. शिगोशीग चमच्यात १८०च्या पुढे. दूध, केळं, कोको यांत थोडं कमी-जास्त झालं तर फारसं बिघडत नाही, इथे मात्र बिघडतं. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर मिक्सरचं भांडंच काट्यावर ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि त्यात पीनट बटर घाला. काटा नसेल तर चमचा भरून सुरीच्या पाठीने वरचा भाग सपाट कापा.

ही खरंच पौष्टिक आहे, की नुसतं नाव?

वरच्या प्रमाणाने केली तर पौष्टिक आहे. पूर्ण सायीच्या दुधात केलेल्या ग्लासात साधारण ३२० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं आणि ५ ग्रॅमच्या आसपास चोथा मिळतो. शेंगदाण्यातली चरबी बहुतांशी असंतृप्त, म्हणजे हृदयाला तुलनेने बऱ्या प्रकारची असते. शिवाय जोडी जमते ती अशी: शेंगदाण्याच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, आणि दुधात ते भरपूर असतं.

हीच स्मूदी चॉकलेट सिरप, गोड पीनट बटर, आइस्क्रीम आणि वरून चॉकलेटचा किस घालून केली, तर ती मिठाई होते. मिठाई म्हणून खुशाल खावी, पण सकाळचा नाश्ता म्हणून रोज नको.

पीनट बटर विकत घेताना बरणीवर काय बघायचं?

समोरचं मोठं अक्षर सोडा, बरणी फिरवून घटकांची यादी वाचा. "शेंगदाणे" किंवा "शेंगदाणे, मीठ" एवढंच लिहिलेलं असेल तर उत्तम. साखर, पाम तेल, हायड्रोजनेटेड तेल ही नावं दिसली, तर तेल वर तरंगू नये आणि चव गोडसर लागावी म्हणून ती घातलेली असतात. यादीतले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे साखर दुसऱ्या क्रमांकावर असेल तर ती नगण्य नाही हे लगेच कळतं.

कमी चरबीचं पीनट बटर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चरबी काढली की चव जाते, आणि ती भरून काढायला बऱ्याचदा साखर किंवा स्टार्च घालतात. कॅलरी जवळपास तितक्याच राहतात.

आणि घरी करायचं असेल तर?

जरूर करा, यात अवघड काही नाही, फक्त धीर लागतो. २५० ग्रॅम शेंगदाणे आधी निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट पडलेले, बुरशीचा वास येणारे दाणे फेकून द्या. शेंगदाण्यावर येणारी काही जातींची बुरशी ॲफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते आणि ते घरच्या भाजण्याने पूर्ण नष्ट होत नाही. इथे काटकसर नको.

मंद आचेवर सतत हलवत भाजा, किंवा ओव्हनमध्ये १७० अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटं ठेवा. सालं सुटायला लागली आणि दाणा आतून फिकट सोनेरी झाला की झालं. जास्त भाजले तर कडू होतात, आणि कोको आधीच कडवट असतो. सालं चोळून, पाखडून काढा. दाणे कोमट असतानाच मिक्सरमध्ये घाला, कारण उबेमुळे तेल लवकर सुटतं.

आता खरा धीराचा भाग. आधी कूट होतं. मग ते ओलसर होऊन भांड्याच्या कडेला चिकटतं. मग त्याचा एक कोरडा गोळा होतो, जो पात्यावर नुसता गरगर फिरतो. इथे बहुतेक जण घाबरून तेल किंवा पाणी घालतात. पाणी अजिबात घालू नका, त्याने पीनट बटर घट्ट होतं आणि टिकतही नाही. मिक्सर थांबवा, कडा खरवडून मधे आणा, मिनिटभर मोटर गार होऊ द्या, पुन्हा फिरवा. तीन-चार वेळा असं केलं की तो गोळा एकाएकी सैल पडतो, चकाकी येते आणि पातं मोकळं फिरू लागतं. आवाजसुद्धा बदलतो, घरघर कमी होते. तो आवाज ओळखीचा झाला की बघायचीही गरज उरत नाही. शेवटी पाव चहाचा चमचा मीठ. कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये महिनाभर तरी चांगलं राहतं.

बरणीत तेल वर आलं आहे. खराब झालं का?

नाही. नुसत्या शेंगदाण्यांचं असेल तर तेल वर यायलाच हवं. ओतून देऊ नका, नाहीतर खाली सिमेंटसारखा थर उरतो. सुरीने तळापासून ढवळून फ्रीजमध्ये ठेवा, गारव्यात ते पुन्हा सहज वेगळं होत नाही. खराब झालेलं नाकाला कळतं: खवट, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. तसा वास आला तर बरणी टाकून द्या.

कोको पावडर आणि ड्रिंकिंग चॉकलेट एकच ना?

एकच नाहीत, आणि स्मूदी इथेच सर्वांत जास्त बिघडते. ड्रिंकिंग चॉकलेटच्या अनेक डब्यांत निम्म्याहून जास्त साखरच असते. कोको पावडर म्हणजे कोकोच्या बियांतलं बरंचसं लोणी दाबून काढल्यावर उरलेल्या पेंडीची पूड. ती चिमूटभर चाटून बघा, गोड अजिबात लागणार नाही. हे दाबून लोणी काढण्याचं तंत्र व्हॅन हाउटेन या डच घराण्याचं, त्याचं पेटंट १८२८ सालचं.

कोकोतही दोन प्रकार आहेत. साधा कोको फिकट तपकिरी, थोडा आंबटसर आणि तुरट असतो. डच कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे तो गडद आणि चवीला सौम्य होतो, पण कोकोमधल्या फ्लॅव्हनॉल या उपयुक्त द्रव्यांचा बराच भाग त्या प्रक्रियेत जातो. पहिल्यांदा करत असाल तर डच कोकोने चव चटकन जमते. मी स्वतः साधाच वापरते.

कोकोच्या गुठळ्या होतात, वर तरंगतो. काय करू?

कोकोमध्ये चरबी असते, म्हणून थंड दूध त्याला लवकर भिजवत नाही. कपात कोको घ्या, त्यावर दोन चमचे गरम पाणी घाला आणि चमच्याच्या पाठीने घोटून गुळगुळीत लेप करा. पहिल्या क्षणी तो हट्टी वाटतो, कोरडी पूड पाण्यावर सरकत राहते, मग एकदम चकचकीत होतो. त्या वेळी येणारा वास कोरड्या पावडरला कधीच नसतो. लेप गार झाला की मिक्सरमध्ये घाला. या दोन मिनिटांच्या खटाटोपाने चॉकलेटची चव दुप्पट खुलते असा माझा अनुभव आहे. मिक्सर दणकट असला तरी मी ही पायरी सोडत नाही.

केळ्यामुळे कोकोचे गुण कमी होतात असं ऐकलं. खरं आहे का?

हो, यात तथ्य आहे. केळ्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं. कापलेलं केळं काळं पडतं ते त्याच्यामुळेच. हेच एन्झाइम कोकोतल्या फ्लॅव्हनॉलवरही काम करतं. २०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात केळ्याच्या स्मूदीबरोबर घेतलेल्या फ्लॅव्हनॉलची शरीरात आढळलेली पातळी, नुसत्या कॅप्सूलमधून घेतलेल्या फ्लॅव्हनॉलच्या तुलनेत ८४ टक्क्यांनी कमी होती. स्मूदीत आधी न मिसळता दोन्ही एकाच वेळी प्यायले तरी परिणाम काही अंशी राहिला, म्हणजे हे काम पोटातही चालू राहतं. अभ्यासातली माणसं मोजकी होती, पण कारण रसायनशास्त्राला धरून आहे.

मग केळं सोडायचं का? तुम्ही कोको कशासाठी घालता त्यावर आहे. चवीसाठी घालत असाल, आणि स्मूदीतून प्रथिनं, चोथा, पोटॅशियम हवं असेल, तर केळं ठेवा, त्यातलं काहीच वाया जात नाही. मुद्दाम फ्लॅव्हनॉलसाठी कोको घेत असाल, तर केळ्याऐवजी हे एन्झाइम कमी असलेलं फळ घ्या. गोठवलेला आंबा किंवा बेरी चालतात. आंबा आणि कोको ही जोडी ऐकायला विचित्र वाटते, पण पीनट बटर दोघांना सांधून घेतं.

केळं आवडतच नाही. दाटपणा कसा आणायचा?

अर्ध्या पिकलेल्या अव्होकाडोने मलईसारखा पोत येतो, चव जवळपास कळत नाही. घट्ट दही ३-४ चमचे घातलं तर थोडा आंबटपणा येतो, तो कोकोला शोभतो. भिजवलेले ओट्स हा तिसरा मार्ग. यातल्या कशातच केळ्याएवढी गोडी नाही, त्यामुळे एक-दोन खजूर लागतील.

केळं किती पिकलेलं हवं?

सालीवर तपकिरी ठिपके पडलेलं. पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून ठिपक्यांचं केळं घातलं की वेगळी गोडी लागत नाही. अशी केळी सोलून, बोटाएवढ्या जाडीच्या चकत्या करून, एका ताटात सुट्या पसरून गोठवा आणि मग डब्यात भरा. सालासकट गोठवू नका, पुढे साल निघता निघत नाही.

मध किंवा खजूर घातला तर चालेल ना? ते तर नैसर्गिक आहेत.

खजूर चालेल, तोही मोजून. मोठ्या मेडजूल खजुरात साधारण ६५ कॅलरी असतात, म्हणजे एक पुरे. तो गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवला तर नीट वाटला जातो. मधाबद्दल मात्र गैरसमज फार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मध आणि सिरप हे साखरेच्याच पंगतीत, म्हणजे मोकळ्या साखरेत धरले आहेत. ही मोकळी साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या, असं त्या सांगतात. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम.

ब्रिटनच्या व्याख्येत तर वाटलेल्या फळातली साखरही मोकळी धरतात, कारण वाटल्यावर फळाची घडण मोडते आणि ते पटकन प्यायलं जातं. म्हणून एका ग्लासात एकच केळं, दोन नाही.

दूध कोणतं वापरू?

जे तुम्हाला पचतं ते. गाईचं किंवा सोयाचं दूध घेतलं तर २०० मिलीतून ६-७ ग्रॅम प्रथिनं येतात. बदामाच्या दुधात प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम असतात. ते घेत असाल तर स्मूदी हलकी होईल, पण भूक लवकर लागेल. वनस्पतिजन्य दुधाचा डबा "बिनसाखरेचा" असल्याची खात्री करा.

ओट्स, जवस, प्रोटीन पावडर घालावी का?

नाश्त्याऐवजी पिणार असाल तर दोन मोठे चमचे ओट्स घाला, आधी दुधात पंधरा मिनिटं भिजवून. जवस घातलं तर पूड करून घाला, अख्खं जवस बहुधा न पचताच बाहेर पडतं. प्रोटीन पावडर या कृतीत मला गरजेची वाटत नाही, दोन चमचे घट्ट दह्याने काम भागतं.

वजन कमी करायचं आहे. चालेल?

जेवणावर वरून प्यायलात तर नाही, नाश्त्याच्या जागी घेतलीत तर हो. आणि चमचा सपाट. वजन वाढवायचं असेल तर याच ग्लासात पीनट बटरचे दोन सपाट चमचे आणि ओट्स घाला, ४८०च्या आसपास कॅलरी होतील. ज्यांना पोटभर जेवता येत नाही अशा अशक्त माणसाला घोट घोट करून द्यायला ही फार सोयीची आहे.

मधुमेह असेल तर?

वरून साखर नसली तरी दूध आणि केळं मिळून या ग्लासात २३ ग्रॅमच्या आसपास साखर असते. पीनट बटरची चरबी आणि प्रथिनं ती रक्तात शिरण्याचा वेग कमी करतात, पण शून्यावर आणत नाहीत. अर्धंच आणि जरा कमी पिकलेलं केळं घ्या, प्यायल्यावर दोन तासांनी साखर तपासा, आणि आकडा घेऊन आपल्या डॉक्टरांशी बोला. तुमचं शरीर काय म्हणतं ते तुमच्याच मीटरवर कळेल.

मुलांना किती वयापासून द्यावी?

शेंगदाण्याची ॲलर्जी गंभीर असू शकते. अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, उलटी, श्वास लागणं यांपैकी काही दिसलं तर थांबू नका, तातडीने दवाखाना गाठा. घरी पाहुणे आले आणि मिक्सरमध्ये पीनट बटर पडणार असेल, तर आधी विचारा. त्याच भांड्यात नंतर केलेली साधी स्मूदीही ॲलर्जी असलेल्याला बाधू शकते.

दुसरीकडे, शेंगदाणा उगाच वर्षानुवर्षं लांबवण्यातही फायदा नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लीप अभ्यासात तीव्र एक्झिमा (त्वचेला खाज आणि चट्टे येण्याचा विकार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या तान्ह्या बाळांना लवकर शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, तर पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी खूप कमी बाळांमध्ये दिसली. अशा बाळांना सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करायची. ही चॉकलेटची स्मूदी मात्र बाळांसाठी नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर कधीच देऊ नका, त्यातून बोट्युलिझम ही जंतूंच्या विषामुळे होणारी गंभीर विषबाधा होण्याचा धोका असतो. चालत्या-बोलत्या मुलांना अर्धा ग्लास पुरतो.

रात्री प्यायली तर झोप उडेल का?

एक चमचा कोकोमध्ये साधारण १२ मिलिग्रॅम कॅफिन असतं, कॉफीच्या कपात त्याच्या सात-आठ पट. बहुतेकांना काही होत नाही. कोकोत थिओब्रोमिन हे कॅफिनच्याच जातीचं सौम्य उत्तेजक द्रव्यही असतं, त्यामुळे ज्यांची झोप सावध आहे त्यांनी संध्याकाळी सहाच्या आत संपवावी.

मूतखडा होऊन गेला आहे. प्यावी का?

खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा होता का ते आधी विचारा. कोको आणि शेंगदाणे दोन्हींत ऑक्झलेट, म्हणजे असे खडे बनवणारं द्रव्य, बऱ्यापैकी असतं, आणि वर पालक किंवा बदाम घातले तर आणखी वाढतं. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल तर रोजची सवय लावू नका.

मिक्सरमध्ये आधी काय घालायचं?

आधी दूध, मग कोकोचा लेप, मग पीनट बटर, सर्वांत शेवटी गोठवलेलं केळं. पीनट बटर तळाला गेलं की पात्याखाली चिकटून बसतं आणि स्मूदीत उतरतच नाही. सुरुवातीला दोन-तीन झटके द्या, मग ४० सेकंद सलग. जास्त फिरवलं तर फेस होतो आणि स्मूदी कोमट होते.

पातळ झाली, घट्ट झाली, कडू झाली?

पातळ झाली तर बर्फ घालू नका, बर्फ वितळून ती आणखी पातळ होते. गोठवलेल्या केळ्याच्या चार चकत्या घाला. चमचा उभा राहील इतकी घट्ट झाली तर दूध, पण चमच्या-चमच्याने. कडू झाली तर आधी मीठ, मग खजूर. तरीही चव बोथट वाटली तर ती फार थंड असेल, जास्त थंडीत जिभेला गोडी कमी कळते. पाच मिनिटं थांबून पुन्हा चाखा.

किती वेळ टिकते?

ताजी प्यायलेली उत्तम. बंद बरणीत फ्रीजमध्ये २४ तास ठीक राहते, थर वेगळे होतात ते हलवले की एकजीव होतात. फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेली पिऊ नका. सकाळी गडबड असेल तर केळं, कोकोचा लेप आणि पीनट बटर आदल्या दिवशी एका डब्यात घालून गोठवून ठेवा, सकाळी फक्त दूध घालून फिरवा.

भांड्याला चिकटलेलं पीनट बटर निघत नाही.

ग्लासात ओतल्याबरोबर भांड्यात अर्धं कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून अर्धा मिनिट फिरवा. वाळू दिलं तर पात्याच्या कडेला तपकिरी कडं धरतं आणि ते ब्रशनेच निघतं. घरात कुत्रा असेल तर भांडं किंवा बरणी त्याला चाटायला देऊ नका. कोको कुत्र्यांना विषारी असतो, आणि काही पीनट बटरमध्ये घातलेला झायलिटॉल हा गोडवा त्यांच्यासाठी कोकोपेक्षाही घातक आहे.